दोन डोळ्यांमधली वीत

तीन यंत्रं होती टेबलावर. म्हणजे तीन कागद.
खरी यंत्रं आमच्यातल्या कुणी बघितलीत?
ईरण्णानं छापून आणलेले, कडेला पेन्सिलीनं किमती,
कन्नड आकड्यांत. त्याची खोड आहे ती.

पहिलं रडारचं.
बाजूला नुसतं बसून राहतं,
आणि छर्रा पार निशाण्यावर पोचेपर्यंत त्याचा माग काढतं.
किंमत बघून लुमाण्णा म्हणाला,
"एवढ्यात शेडवर नवे पत्रे बसतील की."
कागद उलटा केला. त्याच्या पाठीवर
महिन्याच्या चहाचा हिशेब मांडला आम्ही.

दुसरं नळीच्या तोंडालाच अडकवायचं.
मी उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढली.
फिरत्या जॉबला कुणी व्हर्निअर लावतं काय?
नळीवर वजन टांगलं की नळी वेगळी वागणार,
मग जे मोजलं ते कुणाचं?
"नको," म्हटलं. ईरण्णा म्हणाला, "ब्याडा."
एवढ्यावर आमचं दोन्ही भाषांत एकमत.

राहिलं तिसरं. स्वस्तातलं.
दोन डोळे, मध्ये एक वीत.
पहिल्या डोळ्यावरून सावली जाते,
मग दुसऱ्यावरून,
आणि मधला वेळ किती,
तर सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले दीडसुद्धा नाहीत.
इकडून निघालं त्याची नोंद, तिकडं पोचलं त्याची नोंद.
मधल्या वितीत काय झालं ते कुणी लिहीत नाही.
आम्ही त्या वितीतलीच माणसं,
म्हणून घेतलं असं म्हणणार नाही मी.
परवडलं म्हणून घेतलं.

आलं, आणि पहिल्या दिवशी वेड्यासारखं बडबडलं.
नऊशे. चाळीस. कुणी ट्रिगरला हात लावला नव्हता तरी दोनशे सहा.
लुमाण्णा देवाला नारळ द्यायला निघाला.
भूत ट्यूबलाइटीत होतं:
आपल्याला न दिसणारी तिची उघडझाप
त्या डोळ्यांना दिसत होती.
ट्यूबा बंद केल्या,
पांगूळ गल्लीतून शंभराचे पिवळे बल्ब आणले दोन,
वर बटर पेपर ताणला,
यंत्रापुरतं ढगाळ आभाळ.

मग तुळसाची रायफल.
एकशे एकाहत्तर.
एकशे सत्तर.
एकशे एकाहत्तर.
एकशे अठ्ठावन्न.

कुणी बोललं नाही.
ईरण्णाची पेन्सिल थांबली.
"परत," म्हटलं मी.
एकशे सत्तर. एकशे एकोणसत्तर. एकशे एकोणसाठ.

दहा मीटरवर एवढ्या फरकानं
छर्रा तीन मिलिमीटर खाली उतरतो.
एक रिंग.
आठ महिने तिची एक गोळी मधूनच खाली जायची, सहाच्या काट्याला,
आणि आठ महिने मी तिला सांगत होतो:
श्वास. खांदा. लक्ष कुठाय तुझं?
घरातलं घरात ठेवून येत जा.
"मी श्वास धरूनच मारूलालो, सर,"
ती म्हणायची. आमच्याकडं पोरीपण असंच बोलतात.
मी ऐकायचो नाही.
धारवाडच्या निवडीत दोन गुणांनी राहिली,
परत येताना एसटीत
कित्तूर येईपर्यंत मी तिला मनाच्या ताब्याबद्दल भाषण दिलं.

रेग्युलेटर खोलला.
आतली रबराची रिंग एका जागी चपटी, नखाएवढी.
बारा रुपये.
मायक्रॉन मोजणारा माणूस मी,
माझ्या हाताखालून ती आठ महिने हवा सोडत होती.

तिला काय सांगावं ते जुळेना.
रिंग तिच्या तळहातावर ठेवली फक्त.
तिनं ती फिरवून बघितली, खिशात टाकली,
आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

एकशे सत्तर. दहा.
एकशे सत्तर. दहा.
एकशे एकाहत्तर. नऊ, उजवीकडं.

मान न वळवता म्हणाली,
"ही माझी."
आवाजात एवढा आनंद
तिच्या दहाला कधी ऐकला नव्हता मी.